लाल लघवी आणि मूत्रवाहिनीचा कर्करोग

मूत्रपिंडात गाळली गेलेली लघवी आधी लहान लहान पेल्यांसारख्या पोकळ्यांत ठिबकते, तिथून नरसाळ्याच्या आकाराच्या द्रोणीत जमते आणि मूत्रवाहिनीतून खाली मूत्राशयात उतरते. पेले, द्रोणी आणि मूत्रवाहिनी मिळून वरचा मूत्रमार्ग होतो. प्रौढ माणसाची मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, पण आतली पोकळी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, शहाळ्यात घालतात त्या नळीपेक्षाही बारीक. पेल्यांपासून मूत्राशयापर्यंत या सबंध वाटेला आतून एकच अस्तर असते. ते ताणले की पसरते आणि लघवीतली टाकाऊ द्रव्ये रक्तात परत शिरू देत नाही. वरच्या मूत्रमार्गाचा कर्करोग बहुतेक वेळा या अस्तरातच सुरू होतो.

अस्तर एकच, म्हणून रोगाची जातही एकच. मूत्राशयात होतो तोच हा कर्करोग. वाटणी मात्र फार विषम आहे. या अस्तराच्या शंभर कर्करोगांपैकी नव्वद-पंच्याण्णव मूत्राशयात होतात आणि पाच ते दहाच वरच्या वाटेत. लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते आणि वरून नुसती वाहून जाते, हे त्याचे एक साधे कारण. पाश्चात्त्य देशांत वर्षाला लाखामागे सुमारे दोघांना हा रोग होतो. द्रोणीतल्या गाठी मूत्रवाहिनीतल्या गाठींच्या सुमारे दुप्पट आढळतात आणि मूत्रवाहिनीत झाल्याच तर बहुधा खालच्या टोकाकडे. पुरुषांत प्रमाण बायकांच्या दुप्पट असून बहुतेक रुग्ण सत्तरीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे असतात.

दुर्मीळ असला तरी हा रोग सौम्य नाही. मूत्राशयाचा कर्करोग पहिल्यांदा सापडतो तेव्हा शंभरात १५ ते २५ जणांतच तो स्नायूच्या थरापर्यंत पोचलेला असतो. वरच्या मूत्रमार्गात हा आकडा साठाच्या घरात जातो. मूत्रवाहिनीची भिंत पातळ, त्यामुळे गाठीला बाहेर पडायला फार अंतर कापावे लागत नाही. शिवाय ही नळी पाठीच्या कण्याच्या बाजूने, आतड्यांच्या मागून जाते. हाताला ती लागत नाही, डोळ्याला दिसत नाही आणि साध्या सोनोग्राफीतही निम्मी लपून राहते.

‘किडनीचा कॅन्सर’ या एका नावाखाली दोन वेगळे रोग येतात, हा घोळ आधीच निस्तरलेला बरा. मूत्रपिंडाच्या गरातून उठणारा कर्करोग वेगळा आणि द्रोणीच्या अस्तरातून उठणारा वेगळा. पहिल्यात मूत्रपिंड, आणि गाठ लहान असेल तर त्याचा काही भागच, काढून चालते. दुसऱ्यात बहुधा मूत्रपिंडाबरोबर सबंध मूत्रवाहिनी आणि ती जिथे मूत्राशयात शिरते तिथली मूत्राशयाची कडही काढावी लागते, कारण खाली राहिलेल्या नळीत रोग पुन्हा उगवतो. निदान चुकले की शस्त्रक्रियाही चुकते.

निदानाला सुरुवात होते ती विचारपुशीने, आणि बेळगाव-निपाणी पट्ट्यात पहिला प्रश्न तंबाखूचा. निपाणीचे नाव महाराष्ट्रात अनेकांच्या कानावर गेले ते विडीच्या तंबाखूमुळे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथेच पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला होता आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. ते आंदोलन भावासाठी होते. त्या तंबाखूचा धूर छातीत गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा वैद्यकाचा विषय. धुरातली सुगंधी अमाइन वर्गातली रसायने फुफ्फुसातून रक्तात जातात, यकृतात त्यांचे रूप बदलते आणि मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात. पुढे ती लघवी ज्या अस्तरावरून वाहते त्याला त्यांचा मार बसतो. धूम्रपान करणाऱ्यांना वरच्या मूत्रमार्गाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या अडीच ते सात पट असतो. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे आता गावोगावी ठाऊक आहे. धुराचे लघवीच्या वाटेशी असलेले नाते फार थोड्यांच्या लक्षात येते. म्हणून ‘विडी ओढता का’ एवढ्यावर प्रश्न संपत नाही. किती वर्षे, दिवसाला किती आणि सोडली असेल तर कधी, हेही विचारावे लागते. ‘आता सोडली’ असे उत्तर आले म्हणून आधीची तीस वर्षे पुसली जात नाहीत.

दुसरा प्रश्न रानातला आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाताना वाटेत जांबोटी लागते. पुढे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारांवरच्या आणि माथ्यावरच्या रानांत सापसंद नावाची वेल आढळते. संस्कृतात हिला ईश्वरी म्हणतात. साप चावला की हिची मुळी उगाळून द्यायची, हा जुना समज तिच्या नावातच आहे. कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू असलेल्या सदर्न बर्डविंगच्या अळ्या याच कुळातल्या वेलींची पाने खातात आणि त्यांतले कडू विष अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात. ते विष म्हणजे ॲरिस्टोलोकिक आम्ल. माणसाच्या शरीरात ते मूत्रपिंड झिजवते आणि पेशींच्या डीएनएला चिकटून त्यात ठरावीक ठिकाणी ठरावीक प्रकारचा बदल घडवते. हा ठसा इतका ठळक असतो की गाठीच्या जनुकांवरून कारण ओळखता येते.

या विषाची कहाणी उलगडली ती युरोपात. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत मूत्रपिंडाचा एक आजार आणि त्यामागोमाग मूत्रवाहिनीचे कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसत. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या याच कुळातल्या झाडाचे बी दळणात जात होते, असा उलगडा पुढे झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी गोळ्यांत एका मुळीच्या जागी चुकून या कुळातली मुळी पडली आणि शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांच्यापैकी ३९ जणींची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या पुढे प्रतिबंध म्हणून काढल्या, तेव्हा १८ जणींत कर्करोग सापडला. तैवानमध्ये वरच्या मूत्रमार्गाचे कर्करोग जगात सर्वाधिक आढळतात, त्यामागेही याच कुळातल्या वनस्पती असलेली पारंपरिक औषधे आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे आम्ल माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले आहे. वेल रानात असणे आणि तिची मुळी वर्षानुवर्षे पोटात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे वेल दिसली म्हणून कुणी घाबरायचे कारण नाही. पण रुग्ण ‘झाडपाल्याचे औषध चालू होते’ असे म्हणाला तर कोणत्या झाडाचे, हे विचारायला हवे. नाव सांगता आले नाही तर मुळीचा तुकडा घेऊन यायला सांगावे.

तिसरा प्रश्न घरच्यांचा. मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग घरात एकाहून अधिक जणांना, तोही तरुण वयात झाला असेल, तर लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष असू शकतो. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी जनुकेच त्यात नादुरुस्त असतात. अशा घरांत मोठे आतडे आणि गर्भाशय यांच्या खालोखाल वरच्या मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. साठीच्या आत हा कर्करोग झालेल्या प्रत्येकाच्या बाबतीत हा दोष तपासून पाहावा, असे आज मानले जाते. कारण तो सापडला तर भावंडे आणि मुलेही वेळेत तपासता येतात.

आता लक्षणाकडे. शंभरातल्या सत्तर-ऐंशी रुग्णांत पहिली खूण एकच असते: लघवीतून रक्त. कधी लघवी मांस धुतलेल्या पाण्यासारखी दिसते, कधी कोऱ्या चहासारखी. बहुधा दुखत काहीच नाही. एक-दोन दिवस लाल होते, मग आपोआप स्वच्छ होते आणि पुढचे तीन महिने काहीच नसते. गाठीचा पृष्ठभाग नाजूक आणि झालरीसारखा असतो. त्यातली एखादी केशिका फुटते, रक्त येते, गुठळी बसते, थांबते. गाठ जागच्या जागी असते.

घात होतो तो याच मधल्या काळात. जांबोटीकडचा एखादा शेतकरी लावणीच्या दिवसांत लाल लघवी झाली तर ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. दिवसभर वाकून काम, पाणी पोटात कमी, अंगात उष्णता वाढली, असा हिशेब लागतो. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, कोकम सरबत होते, आणि चौथ्या दिवशी लघवी साफ झाली की औषध लागू पडले असे सगळे मानतात. उन्हाळी म्हणजे लघवी करताना होणारी जळजळ. तिच्यात आग असते, वारंवार जावे लागते. न दुखता आलेले रक्त ही उन्हाळी नव्हे. थोडे दुखले तर दुसरा तयार निष्कर्ष मुतखड्याचा: कुळथाचे कढण, पानफुटीची पाने. खडा खरोखर असतोही पुष्कळांना, आणि म्हणूनच ही चूक सहज पचते.

गाठीतून आलेल्या रक्ताची गुठळी मूत्रवाहिनीत अडकली की खड्यासारखीच कळ येते. पण ती गुठळी नळीच्या साच्यातून उतरते, त्यामुळे बाहेर पडताना गांडुळासारखी लांबुळकी असते. मूत्राशयात झालेल्या रक्ताच्या गुठळ्या चपट्या आणि वेड्यावाकड्या असतात. अशी लांब गुठळी पडल्याचे रुग्णाने सांगितले तर रक्त वरून येते आहे, हे कोणतेही यंत्र न लावता कळते. दुर्दैवाने हे कुणी विचारत नाही आणि रुग्णही लाजेने सांगत नाही. शंभरातल्या वीसेक जणांना बरगडीखाली बाजूला दुखते. गाठ हाताला लागणे त्याहून कमी. बायकांच्या बाबतीत उशीर होण्याचे कारण वेगळे असते. लघवी लाल झाली की ‘इन्फेक्शन’ म्हणून प्रतिजैविकांचा कोर्स दिला जातो, लघवी कल्चरला न पाठवताच, आणि हेच दोन-तीनदा होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाचे रक्त गोळीच्या माथी मारणे हीही अशीच सोयीची चूक. गोळी गाठ निर्माण करत नाही, असलेली गाठ लवकर बोलती करते.

लाल दिसणारी प्रत्येक लघवी रक्ताची नसते. बीट खाल्ल्यावर ती गुलाबी होते. टीबीच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी होते. म्हणून पहिली तपासणी साध्या लघवीची. पट्टी बुडवून रंग बदलला तर तेवढ्यावर न थांबता सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते. मोठ्या भिंगाच्या एका क्षेत्रात तीन किंवा अधिक तांबड्या पेशी दिसल्या तर रक्त आहे असे धरतात. पेशींचा आकारही बोलतो. वेड्यावाकड्या, तुटक्या पेशी आणि सोबत प्रथिने असतील तर दोष मूत्रपिंडाच्या गाळणीत असण्याचा संभव जास्त. गोल, धडधाकट पेशी असतील तर रक्त खालच्या वाटेत कुठेतरी झाले आहे.

यानंतर सोनोग्राफी. ती खानापूरसारख्या तालुक्याच्या गावीही होते, स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही. मूत्रपिंडातली मोठी गाठ, खडा आणि सूज ती चांगली दाखवते. ‘किडनीला सूज आहे’ असे रुग्ण सांगतात ती ही सूज: खाली कुठेतरी अडथळा आल्याने द्रोणी फुगलेली असते. पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या वायूमागे झाकला जातो आणि ध्वनिलहरी तिथे पोचत नाहीत. त्यामुळे सोनोग्राफीत काही दिसले नाही, याचा अर्थ मूत्रवाहिनीत काही नाही असा होत नाही. रिपोर्टमध्ये मूत्रपिंड फुगलेले आहे, वरची नळीही फुगलेली आहे, पण खडा कुठेच दिसत नाही असे लिहिलेले असेल तर तो रिपोर्ट फाइलमध्ये घालून ठेवायचा नसतो. अडथळा हळूहळू वाढला की मूत्रपिंड कळ न देता फुगते आणि मुकाट्याने निकामी होते.

पुढची पायरी सीटी युरोग्राफी. आजच्या निदानाचा कणा हीच तपासणी आहे. बेळगावात, कोल्हापुरात किंवा गोव्यात बांबोळीला ती सहज होते. आधी मूत्रपिंडे कितपत काम करतात हे कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन बघतात, कारण शिरेतून द्यायचा आयोडीनयुक्त डाय दुबळ्या मूत्रपिंडाला झेपत नाही. काही तास पोट रिकामे ठेवतात. डाय आत गेला की अंगभर गरम लाट गेल्यासारखे होते आणि तोंडाला धातूची चव येते. रुग्णाला हे आधी सांगितले नसेल तर तो घाबरतो. छायाचित्रे तीन फेऱ्यांत घेतात. पहिली डायशिवाय, तीत खडे पांढरे चमकतात. दुसरी डाय दिल्यावर साधारण दीड-दोन मिनिटांनी. तोवर मूत्रपिंडाचा गर उजळतो आणि गाठीत रक्तपुरवठा असेल तर तीही उजळते. तिसरी दहा-पंधरा मिनिटांनी, डाय लघवीतून द्रोणीत आणि मूत्रवाहिनीत उतरल्यावर. हीच फेरी निर्णायक. नळी नीट भरावी म्हणून आधी पाणी पाजतात किंवा लघवी वाढवणारे औषध थोडे देतात. भरलेली नळी पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. त्या दोऱ्यात जिथे डाय शिरू शकला नाही तिथे काळी खाच पडते, आणि ती खाच म्हणजे गाठ असू शकते.

पैसे किंवा वेळ वाचवण्यासाठी ‘साधी सीटी’ करून घेण्याची रीत पडली आहे. खड्यासाठी ती पुरते. पण तिसरी फेरी नसलेल्या सीटीने मूत्रवाहिनी तपासली असे म्हणणे चुकीचे आहे. पूर्ण सीटी युरोग्राफी या कर्करोगाच्या शंभरातल्या सुमारे ९२ गाठी पकडते, आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी ९५ जणांना बरोबर मोकळे सोडते. तिच्या हातून निसटतात त्या चपट्या गाठी, ज्या खाच पाडत नाहीत, अस्तरावर नुसत्या पसरतात. ज्यांना डायची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी एमआरआय युरोग्राफी असते, तीत लहान खडे मात्र नीट दिसत नाहीत.

साठीपलीकडच्या अनेकांना आठवते ती आयव्हीपी, म्हणजे डाय टोचून ठरावीक मिनिटांनी घेतलेल्या एक्स-रेंची मालिका. १९२९ मध्ये बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकी डॉक्टरने शिरेतून देता येईल असा आयोडीनचा डाय वापरून दाखवला आणि ही तपासणी शक्य झाली. सीटीने आता तिची जागा घेतली आहे. तिच्याही आधीची एक पद्धत मात्र टिकून आहे. १९०६ मध्ये जर्मनीत फोल्कर आणि फॉन लिश्टेनबर्ग यांनी मूत्राशयातून दुर्बीण घालून मूत्रवाहिनीत खालून वर द्रव सोडला आणि एक्स-रे काढला. मूत्रपिंड डाय बाहेर टाकण्याच्या लायकीचेच राहिले नसेल, तर आजही ही उलटी वाट धरावी लागते. त्या चित्रात एक मजेदार खूण दिसते. खडा अडकला की नळी आकसते, त्यामुळे खड्याखाली ती अरुंद असते. गाठ सावकाश वाढते आणि लघवीच्या लाटांबरोबर वरखाली होते, त्यामुळे तिच्याखालची नळी रुंद झालेली असते. तिथे साठलेला डाय गाठीखाली धरलेल्या उभ्या पेल्यासारखा दिसतो. खालून घातलेली बारीक नळीही त्या रुंद जागेत गुंडाळी करून बसते.

काळी खाच म्हणजे कर्करोगच असे नाही, आणि इथे वाचणाऱ्याचा कस लागतो. खडा पहिल्याच फेरीत ओळखू येतो. सीटीवर त्याच्या घनतेचा आकडा शेकड्यांत असतो, गाठीचा त्याच्या कितीतरी खाली. रक्ताची गुठळी डायने उजळत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तर विरघळलेली किंवा सरकलेली असते. जुन्या मधुमेहात मूत्रपिंडातल्या टोकांचा भाग सडून सुटतो आणि नळीत उतरतो. तोही खाचच पाडतो. बुरशीचा गोळा, साधा मांसल कोंभ, हेही असतात. मूत्रपिंडात हरणाच्या शिंगांसारखा फांद्या फुटलेला खडा वर्षानुवर्षे राहिला तर अस्तराचा सतत दाह होऊन वेगळ्या जातीचा, खवल्यांसारख्या पेशींचा कर्करोग होऊ शकतो. खड्यासाठी काढलेल्या निकामी मूत्रपिंडात तो अचानक सापडतो. खडा सापडला म्हणून गाठ नाही, असे म्हणता येत नाही ते यामुळे.

आपल्याकडे सर्वांत मोठा बहुरूपी म्हणजे टीबी. मूत्रपिंडाचा टीबी पेल्यांची तोंडे आवळतो, मूत्रवाहिनीत जागोजागी अरुंद पट्टे पाडतो, भिंत जाड करतो, रक्तही आणतो. लघवीत पू असतो, पण साध्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाही. हा टीबीचा इशारा. मग सलग तीन ते पाच दिवस पहाटेची लघवी घेऊन टीबीचे जंतू शोधतात आणि सीबीनॅट ही जंतूंची जनुकीय चाचणी करतात. अरुंद पट्टा दिसला की पुरावा नसताना टीबीची औषधे सुरू करून सहा महिने थांबण्याचा मोह होतो. त्या सहा महिन्यांत गाठ भिंत ओलांडते. उलट, टीबीच्या नळीवर कर्करोगाचा शिक्का मारून चांगले मूत्रपिंड गमावणेही घडू शकते. म्हणून चित्रावर भागत नाही, पेशी पाहाव्याच लागतात.

पेशी पाहण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे लघवीची सायटॉलॉजी. गाठीवरून सुटलेल्या पेशी लघवीत वाहून येतात. गर्भाशयमुखाच्या चाचणीमुळे ज्यांचे नाव घरोघरी गेले त्या पापानिकोलाऊ यांनी व्हिक्टर मार्शल यांच्यासह १९४५ मध्ये लघवीतल्या पेशींवरून कर्करोग ओळखण्याची पद्धत मांडली. यासाठी सकाळची पहिली लघवी नको, कारण रात्रभर साठून पेशी कुजतात. त्यानंतरची ताजी लघवी हवी. उग्र जातीच्या गाठीच्या पेशी मोठ्या काळ्याभोर केंद्रकाच्या आणि विस्कटलेल्या असतात, त्या ओळखू येतात. सौम्य जातीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात आणि निसटतात. वरच्या मूत्रमार्गात ही चाचणी मूत्राशयाइतकी चालत नाही. म्हणून ‘निगेटिव्ह’ रिपोर्टला फार किंमत देऊ नये, ‘पॉझिटिव्ह’ला मात्र पूर्ण द्यावी. लघवीत कर्करोगाच्या पेशी आहेत आणि मूत्राशय दुर्बिणीतून स्वच्छ दिसते, तर शोध वर न्यायचा.

मूत्राशयाची दुर्बीण प्रत्येकाला करावीच लागते. रक्ताचे कारण मूत्राशयात असण्याचा संभव मुळातच अधिक आणि वरच्या गाठीबरोबर मूत्राशयातही गाठ असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सतरापर्यंत जाते. मूत्राशयाच्या तळाशी दोन बाजूंना मूत्रवाहिन्यांची तोंडे असतात. फटीएवढी, थोड्या थोड्या वेळाने उघडून लघवीची पिचकारी सोडणारी. रक्त येत असतानाच दुर्बीण घातली तर एका बाजूची पिचकारी स्वच्छ आणि दुसरीची लाल, असे डोळ्यांनी दिसते. बाजू तिथेच ठरते. रक्त थांबल्यावर जाण्यापेक्षा चालू असताना जाणे निदानाच्या दृष्टीने फायद्याचे, ते यासाठी.

चित्र आणि पेशी यांवरून उलगडा झाला नाही तर दुर्बीण मूत्रवाहिनीतच घालतात. १९१२ मध्ये ह्यू हॅम्प्टन यंग या अमेरिकी शल्यविशारदाची दुर्बीण एका मुलाच्या जन्मजात फुगलेल्या मूत्रवाहिनीतून थेट द्रोणीपर्यंत गेली, ती या तपासणीची पहिली नोंद. आजची लवचिक दुर्बीण सुमारे तीन मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे टोक मागे वळून प्रत्येक पेल्यात डोकावते. रुग्णाला भूल देतात. सलाइनच्या धारेत गाठ पाण्याखालच्या शेवाळासारखी हलताना दिसते. चिमटा जेमतेम मिलिमीटरभर रुंद, त्यामुळे हाती येणारा तुकडा खसखशीच्या दाण्याएवढा. बाटलीत तो हरवू नये म्हणून प्रयोगशाळेला आधी कळवून ठेवतात. एवढ्याशा तुकड्यावरून गाठ सौम्य की उग्र, हे नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरते. ती भिंतीत किती खोल गेली आहे ते मात्र कळत नाही, कारण चिमटा स्नायूपर्यंत पोचतच नाही. खोलीचा अंदाज मग गाठीची जात, सीटीतली भिंतीची जाडी आणि वरचे मूत्रपिंड फुगले आहे का, यांवरून बांधतात.

या तपासणीची किंमतही आहे. तिच्यानंतर मूत्राशयात गाठ उगवण्याचे प्रमाण वाढते. वर हलवलेल्या पेशी खाली रुजत असाव्यात. म्हणून सीटी आणि सायटॉलॉजी दोन्ही एकच गोष्ट ठामपणे सांगत असतील तर पुष्कळ शल्यविशारद दुर्बीण टाळून थेट शस्त्रक्रियेकडे जातात. पाठीतून सुई घालून तुकडा काढणे सहसा टाळतात, कारण सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची भीती असते.

निदान पुरे झाले असे कधी म्हणायचे, हे उपचारावर ठरते. गाठ एकच, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, तुकड्यात आणि लघवीतही सौम्य, सीटीत भिंत शाबूत, हे सगळे एकत्र जमले तरच मूत्रपिंड राखून लेसरने गाठ जाळण्याचा विचार होतो. यातले एक जरी चुकले तरी धोका मोठा धरतात आणि सहसा मूत्रपिंडासह मूत्रवाहिनी काढतात. त्याआधी छाती आणि पोटाची सीटी करून गाठ इतरत्र गेली आहे का हे पाहतात. पेट स्कॅन इथे थोडा अडखळतो. त्याचे किरणोत्सर्गी साखरेचे द्रव्य लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे जिथे बघायचे तिथेच उजेड. गाठ उग्र असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच केमोथेरपी द्यावी का, हेही याच वेळी ठरवायचे असते, कारण त्यातले सिस्प्लॅटिन हे औषध झेपायला मूत्रपिंडांची ताकद लागते आणि एक काढल्यावर ती पुष्कळांकडे उरत नाही.

जांबोटी-कणकुंबीच्या रुग्णाला बेळगाव किंवा बांबोळी गाठावे लागते, निपाणीच्या रुग्णाला कोल्हापूर जवळ पडते. जाताना आधीची सोनोग्राफी, सीटीची सीडी (नुसता कागदी रिपोर्ट नव्हे), क्रिएटिनिनचे जुने आकडे आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर असावीत. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रात नळी कशी होती, हे कळले तर अर्धे कोडे तिथेच सुटते. शस्त्रक्रियेनंतरही तपासणीचा फेरा थांबत नाही. मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी काढल्यावर शंभरातल्या २२ ते ४७ जणांच्या मूत्राशयात पुढे गाठ उगवते, म्हणून मूत्राशयाची पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी करतात, रक्त दिसो वा न दिसो.